फॅनी बर्नी : शस्त्रक्रियेनंतरची अठ्ठावीस वर्षे

इंग्रजी कादंबरीचा इतिहास ज्यांनी थोडाफार चाळला आहे, त्यांना फॅनी बर्नी हे नाव अपरिचित नसेल. जेन ऑस्टिन हिच्या आधीच्या पिढीतील ही लेखिका. परंतु आज तिच्या कादंबऱ्यांपेक्षा तिच्या आयुष्यातील एका दिवसाचीच चर्चा अधिक होते. तो दिवस म्हणजे ३० सप्टेंबर १८११. त्या दिवशी पॅरिस येथे, भुलीच्या औषधाचा शोध लागण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीवर असताना तिचा उजवा स्तन कापून काढण्यात आला. तेव्हा तिचे वय ५९ वर्षांचे होते. त्यानंतर ती २८ वर्षे जगली. शस्त्रक्रियेच्या त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतरच्या २८ वर्षांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ज्या भगिनींना आज अशाच शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते, त्यांच्या दृष्टीने ही वर्षेच अधिक मोलाची आहेत. म्हणून तिचे चरित्र आपण त्या अंगाने पाहू या.

फॅनीचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधील किंग्ज लिन या बंदराच्या गावी झाला. तिचे वडील चार्ल्स बर्नी हे तेथील चर्चमंदिरात ऑर्गन वाजवीत असत. पुढे संगीताचे इतिहासकार म्हणून त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. १७६० साली हे कुटुंब लंडनला आले. भावंडांत फॅनी मागे पडलेली समजली जाई. आठ वर्षांची होईपर्यंत तिला अक्षरओळखही नव्हती. ती दहा वर्षांची असताना आई वारली. लाजाळू, अबोल आणि अंगाने किरकोळ अशा या मुलीने नंतर आपले आपणच वाचन सुरू केले आणि कोणाच्या नकळत लिहूही लागली. परंतु मुलीच्या जातीने कथा-कादंबऱ्या लिहाव्यात हे त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत शोभणारे नव्हते. पंधराव्या वाढदिवशी तिने आपले सारे लिखाण अंगणात नेऊन जाळून टाकले. तरीही लिहिण्याची ऊर्मी काही जळाली नाही. १७६८ साली तिने दैनंदिनी लिहावयास घेतली आणि ती सवय तिने जन्मभर सोडली नाही.

जानेवारी १७७८ मध्ये तिची ‘एव्हलिना’ ही कादंबरी निघाली. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते आणि मोबदला मिळाला होता अवघा वीस गिनी. वडिलांनाही आरंभी याची वार्ता नव्हती. लंडनमध्ये मात्र त्या पुस्तकाचा एकच बोलबाला झाला. कोशकार डॉक्टर जॉन्सन, चित्रकार रेनॉल्ड्स, वक्ते एडमंड बर्क अशा थोरामोठ्यांनी त्याची वाहवा केली. १७८२ साली ‘सिसिलिया’ प्रसिद्ध झाली आणि फॅनीबाईंचे नाव घरोघर पोहोचले.

कीर्तीबरोबर सुख येतेच असे नाही. १७८६ साली राणी शार्लट हिच्या वस्त्रागाराच्या दुय्यम व्यवस्थापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. वर्षाला दोनशे पौंड वेतन आणि राजवाड्यात राहणे. वडिलांना हा मोठा सन्मान वाटला. कन्येला मात्र ती कैदच झाली. पाच वर्षांत त्यांची प्रकृती इतकी खालावली की १७९१ मध्ये त्यांनी चाकरी सोडली. राणीने त्यांना वर्षाला शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले.

पुढे दोन वर्षांनी त्यांच्या आयुष्याने वेगळेच वळण घेतले. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेल्या अलेक्झांडर दारब्ले नावाच्या सेनाधिकाऱ्याशी त्यांचा परिचय झाला. तो निर्धन, परदेशी आणि रोमन कॅथलिक, त्या अँग्लिकन. वडिलांना हा विवाह पसंत नव्हता, म्हणून ते उपस्थित राहिले नाहीत. २८ जुलै १७९३ रोजी अँग्लिकन मंदिरात आणि दोन दिवसांनी कॅथलिक प्रार्थनामंदिरात असा दोनदा विवाहविधी झाला. फॅनीबाई तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या. पुढील वर्षी त्यांना पुत्र झाला. त्याचेही नाव अलेक्झांडर. १७९६ साली आलेल्या ‘कॅमिला’ या कादंबरीच्या उत्पन्नातून या दांपत्याने एक लहानसे घर बांधले. त्या पुस्तकाच्या आगाऊ वर्गणीदारांच्या यादीत तरुण जेन ऑस्टिन हिचेही नाव आहे.

१८०२ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तह झाला, तेव्हा फॅनीबाई मुलाला घेऊन पतीमागोमाग फ्रान्सला गेल्या. मुक्काम थोड्या काळाचा ठरला होता. परंतु १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले आणि परतीची वाट बंद झाली. पत्रव्यवहारही दुरापास्त झाला. अशा रीतीने त्या दहा वर्षे शत्रूच्या देशात अडकून पडल्या.

वाचकहो, त्यांच्या दुखण्याचा आरंभ याच काळात झाला. ऑगस्ट १८१० च्या सुमारास त्यांना उजव्या स्तनात थोडे दुखू लागले. दुखणे तीव्र नव्हते, नुसते जडपण जाणवत असे. त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतले नाही. पतीने डॉक्टरांना दाखविण्याचा आग्रह धरला, पण त्यांना ती कल्पनाच असह्य वाटे. जपून राहिले, ऊब घेतली, म्हणजे आपोआप बरे वाटेल अशी त्यांची समजूत होती. या समजुतीत काही महिने गेले. आपल्या ओळखीतील किती भगिनींचे असेच होते, हे आपणांस सांगावयास नको. संकोच, भीती आणि घरातल्या कामांचा रगाडा यांपायी गाठ वाढत जाते आणि दिवस निघून जातात.

अखेरीस नामवंत वैद्यांना पाचारण करण्यात आले. त्यांपैकी एक दोमिनिक लॅरी. नेपोलियनच्या सैन्यातील हा थोर शल्यवैद्य. जखमी सैनिकांना रणभूमीवरून त्वरेने हलविणारी वाहनपथके त्यानेच सुरू केली. दुसरे आंत्वान द्युब्वा. त्याच वर्षी सम्राज्ञीच्या बाळंतपणाच्या वेळी हजर असलेले वैद्य. प्रथम लॅरीच्या उपचारांनी थोडा उतार पडला, पण दुखणे पुन्हा बळावले. शेवटी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे सर्वांचे मत पडले. तो निर्णय सांगताना लॅरीचे डोळे भरून आले होते.

निर्णय झाल्यावरही सुमारे तीन आठवडे नुसती प्रतीक्षा करावी लागली. दिवस आधी कळविला तर भीती वाढेल म्हणून ऐनवेळी काही तासांचीच पूर्वसूचना द्यावयाची असे वैद्यांनी ठरविले होते. तशी सूचना ३० सप्टेंबरच्या सकाळी आली. फॅनीबाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? पतीला हे पाहावे लागू नये म्हणून त्याच्या कचेरीत गुप्तपणे निरोप पाठवून त्याला कामात गुंतवून ठेवण्याची व्यवस्था केली. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलीची तयारी केली. वैद्यांना यावयास दुपारचे तीन वाजले. तोपर्यंत पट्ट्या, कापूस आणि स्पंज यांचे ढीग मांडलेल्या खोलीत त्या येरझारा घालीत राहिल्या.

काळे कपडे घातलेले सात पुरुष पूर्वसूचना न देता आत आले. खाट खोलीच्या मध्यभागी ओढण्यात आली. जुन्या गाद्या आणि जुनी चादर मागविण्यात आली. भुलीचे औषध म्हणून काही नव्हतेच. दिली ती थोडी औषधी दारू. सोबतच्या स्त्रियांना बाहेर जाण्यास सांगितले, तेव्हा फॅनीबाईंनी त्यास विरोध केला. मोलकरीण आणि एक परिचारिका घाबरून निघून गेल्या. दुसरी परिचारिका मात्र थांबली. चेहऱ्यावर तलम रुमाल टाकण्यात आला, पण तो इतका विरळ होता की त्यातून चकाकते पाते त्यांना दिसत होते. कोणी हात धरून ठेवू लागले, तर त्यांनी ते दूर सारले. शस्त्रक्रिया वीस मिनिटे चालली. मध्ये दोनदा शुद्ध हरपली असावी असे त्यांना नंतर वाटले. सारे आटोपल्यावर डोळे उघडून त्यांनी पाहिले, तर लॅरी त्यांच्याइतकाच पांढराफटक पडला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते.

जखम भरली, मन भरून येण्यास मात्र पुष्कळ अवधी लागला. नऊ महिनेपर्यंत या विषयावर बोलावयास गेले की तो सारा प्रसंग पुन्हा भोगावा लागत असे, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आज डॉक्टर ज्याला आघातानंतरचा मानसिक ताण म्हणतात, त्याची लक्षणे त्यात स्पष्ट दिसतात. मार्च १८१२ मध्ये त्यांनी थोरली बहीण एस्थर हिला या प्रसंगाचे सविस्तर पत्र लिहावयास घेतले. ते पुरे होण्यास जून उजाडला. लिहिताना डोके दुखे. लिहिलेले परत वाचण्याचा धीर होत नसे. पतीनेही पत्राला आपल्या चार ओळी जोडल्या आणि शल्यवैद्याच्या शिष्याने लिहिलेला वैद्यकीय वृत्तांतही सोबत दिला. वृद्ध पित्याच्या कानी ही वार्ता जाऊ नये अशी दक्षता घेण्यास त्यांनी सांगितले.

हे पत्र त्यांनी का लिहिले असावे? मैत्रिणींना आणि नातलगांना भलत्यासलत्या अफवांतून हे कळू नये, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्यासारखी लक्षणे आणखी कोणाला जाणवली, तर तिने आपल्याइतकी वाट पाहू नये, हा त्यामागचा हेतू होता. जे बोलणे अशक्य होते ते त्यांनी लिहून काढले, आणि स्वतःच्या वेदनेतून दुसरीला सावध करण्याचे काम केले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे खरे बरे होणे येथून सुरू झाले.

आता पुढची वर्षे पाहू. शस्त्रक्रियेला वर्षही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १८१२ मध्ये मुलाला नेपोलियनच्या सैन्यात ओढले जाऊ नये म्हणून त्या त्याला घेऊन डंकर्कहून जहाजाने निघाल्या. बंदरात कित्येक आठवडे तिष्ठत राहावे लागले. दहा वर्षांनी मायदेशाची भूमी पायांना लागली. वृद्ध वडिलांची अखेरची सेवा त्यांच्या हातून घडली. एप्रिल १८१४ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी त्यांची ‘द वाँडरर’ ही पाच खंडांची कादंबरी प्रसिद्ध झाली.

१८१५ साली नेपोलियन पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा त्या पॅरिसहून पळून ब्रसेल्सला पोहोचल्या. १८ जूनला वॉटर्लूची लढाई झाली, त्या वेळी त्या त्या शहरातच होत्या. पुढचे कित्येक दिवस रस्त्यांतून जखमी सैनिकांच्या रांगा जात होत्या. इतक्यात पती घोड्याच्या लाथेने जायबंदी होऊन ट्रिअर येथे पडल्याचे वर्तमान आले. ६३ वर्षांच्या या बाई युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशातून प्रवास करीत तेथे गेल्या आणि त्याला घेऊन इंग्लंडला परतल्या. १८१७ साली इल्फ्राकूम येथील समुद्रकिनारी भरतीच्या पाण्यात त्या एका खडकाळ गुहेजवळ अडकल्या. बरोबर त्यांची कुत्री होती. खडकांवर चढून त्यांनी जीव वाचविला, आणि घरी आल्यावर त्याचीही साद्यंत हकिकत लिहून ठेवली.

दुःख त्यांना चुकले नाही. ३ मे १८१८ रोजी पती वारले. मुलगा धर्मसेवेत गेला, परंतु १८३७ च्या जानेवारीत तोही ज्वराने दगावला. तरी १८३२ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी वडिलांचे तीन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. ६ जानेवारी १८४० रोजी, ८७ वर्षांच्या असताना, लंडन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. बाथ येथे पती व पुत्र यांच्याशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. एस्थरला लिहिलेले पत्र मात्र १९७५ साली त्यांच्या पत्रव्यवहाराच्या विद्वत्तापूर्ण आवृत्तीत संपूर्ण छापले गेले आणि जगभरच्या रुग्ण स्त्रियांपर्यंत व वैद्यांपर्यंत पोहोचले.

ती गाठ खरोखरच कर्करोगाची होती का, याविषयी आजच्या डॉक्टरांत मतभेद आहेत. कारण त्या काळच्या उपचारांनंतर इतके दीर्घायुष्य लाभणे विरळाच. आपल्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. स्तन गमावल्यानंतर स्त्रीचे जीवन कसे असते?

फॅनीबाईंच्या काळी गेलेला स्तन पुन्हा घडविण्याचा काही उपाय नव्हता. आज तो आहे. पोटाच्या किंवा पाठीच्या भागातील स्वतःच्याच ऊती घेऊन, अथवा सिलिकॉनचे रोपण बसवून स्तनाची पुनर्रचना करता येते. ती मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच किंवा नंतरही करता येते. कित्येक रुग्णांच्या बाबतीत तर सबंध स्तन काढण्याची गरजच पडत नाही. योग्य अवस्थेत गाठ काढून किरणोपचार घेतले, तर आयुर्मान तितकेच राहते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून सिद्ध झाले आहे. ज्यांना पुनर्रचना नको, त्यांच्यासाठी कपड्यांच्या आत घालावयाचा कृत्रिम स्तनही मिळतो. आणि ज्यांना तोही नको, त्यांनी छाती सपाट ठेवली तर त्यात उणेपणा काही नाही.

मग यांपैकी श्रेष्ठ मार्ग कोणता? पुनर्रचना केलेल्या स्त्रिया आपल्या छातीच्या रूपाविषयी अधिक समाधानी असतात, असे पुष्कळ अभ्यासांतून दिसते. परंतु एकंदर मनःस्वास्थ्य, कामाची शक्ती, घरच्यांशी असलेले संबंध यांचा विचार केला, तर दोन्ही प्रकारच्या स्त्रियांतील अंतर अनेकदा थोडेच आढळते. पुनर्रचनेत अधिक शस्त्रक्रिया, अधिक खर्च आणि बरे होण्यास अधिक काळ लागतो. नव्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना सहसा पूर्णपणे येत नाही. किरणोपचार झाले असल्यास सिलिकॉनच्या रोपणात गुंतागुंतीचा संभवही वाढतो. उलटपक्षी, काही भगिनींना आरशातील ते रिकामेपण रोज नव्याने जखम करते. त्यांना पुनर्रचनेने मोठा दिलासा मिळतो. तेव्हा दोन्ही मार्ग योग्य आहेत. सारी माहिती मिळून, कोणाच्या दडपणावाचून, स्त्रीने स्वतः निवड केलेली असली म्हणजे झाले. पतीच्या इच्छेसाठी केलेली पुनर्रचना आणि सासरच्यांच्या बोलण्यामुळे टाळलेली पुनर्रचना, दोन्ही पुढे सलत राहतात.

शस्त्रक्रियेनंतर आणखीही काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास हात सुजू शकतो. खांदा आखडू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायाम नियमाने करणे आणि सूज दिसताच ती दाखविणे हितकर ठरते. छातीच्या कातडीला बधिरपणा येतो. आणि मनाचे काय? त्याची विचारपूस बहुधा कोणीच करीत नाही. पाहुणे जखमेविषयी विचारतात, औषधांविषयी विचारतात. रात्री झोप लागते का, हे मात्र विचारीत नाहीत.

फॅनीबाईंचे चरित्र या बाबतीत आपणांस बरेच काही सांगते. त्यांना नवा स्तन मिळाला नाही, तरी जीवनाची घडी पुन्हा बसली. ती बसण्यास आधार झाला तो कशाचा? जिवापाड प्रेम करणाऱ्या पतीचा, ज्याच्यासाठी जगावे अशा मुलाचा, हाती असलेल्या कामाचा, आणि जे सोसले ते विश्वासाच्या माणसापाशी मोकळे करण्याचा. यांतील एकही गोष्ट शल्यवैद्याच्या हातची नाही. आपल्या हातची मात्र आहे.

आपल्या देशात आज स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि पुष्कळ भगिनी उशिरा उपचारास येतात. म्हणून, वाचक भगिनींनो, गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून स्राव आला, तर ऊब घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा. वाचक बंधूंनो, घरातील स्त्रीला नेण्याची वेळ आली, तर दारूनच परत फिरू नका. आत जा, डॉक्टरांचे बोलणे तिच्याबरोबर ऐका आणि निवड तिला करू द्या. शेजारीपाजारी किंवा मंडळीत कोणी अशा शस्त्रक्रियेतून उठले असेल, तर तिच्या कपड्यांकडे न्याहाळून पाहण्याऐवजी तिच्याजवळ बसा. बहिणीला एक पत्र लिहावयास फॅनीबाईंना तीन महिने लागले. आपल्या शेजारची भगिनी बोलू लागेल, तेव्हा तिलाही तेवढा वेळ लागेल असे धरून चाला.